चौथ्या मजल्याचं प्रकरण

ता. ३ फेब्रुवारी

चि. बटणास,
अ. उ. आ. वि. वि.

वेगळ्या पार्सलने एक बाड पाठवलं आहे. तीनशे बारा पानं, आडवी-उभी दोरी बांधलेली. पोस्टातल्या बाईंनी वजन करताना आत काय आहे असं विचारलं, तर माझ्या तोंडून कादंबरी हा शब्द निघेना. कागद आहेत म्हणालो. सदुसष्टाव्या वर्षी माणूस इतका लाजू शकतो याची मला कल्पना नव्हती.

मागे फोनवर तू घसा फोडून विचारत होतीस की निवृत्तीनंतर मी दिवसभर करतो तरी काय. तर हे करतो. फोनवर सांगितलं नाही, कारण या कानांनी मला तुझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी चुकीचं ऐकतो. पत्रच बरं.

आई गेली त्याच्या पुढच्या आठवड्यात लिहायला बसलो. ती असताना हे लिहिता आलं नसतं. कादंबरी मधलीची आहे, आपल्या मधलीची. फरक एवढाच की यात ती त्या दुपारी लिफ्टच्या पोकळीत पडते आणि वाचते. पाय मोडतो, तो जुळतो, आणि नऊ वर्षांची मुलगी दहा वर्षांची होते. पुढे ती नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागते, उशिरा लग्न करते, नवऱ्याशी भांडते, चष्मा हरवते. चाळीस वर्षं मी लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढले. तिचा जुळलेला पाय लिहिताना मला कुणाला विचारावं लागलं नाही.

एका छोट्या प्रकाशनाच्या संपादकबाईंनी पहिली पाच प्रकरणं वाचली आहेत. मार्चअखेर पूर्ण हस्तलिखित मागितलं आहे, पण दोन गोष्टींवर बोट ठेवलं. एक म्हणजे नाव. मी 'नववं वर्ष' ठेवलं होतं, ते त्यांना शाळेच्या वहीसारखं वाटतं. दुसरं, पाचवं प्रकरण, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या अपघाताचं. ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं म्हणे. तू वाचनालयात जन्म काढलास, म्हणून तुझ्याकडे आलो. नावासाठी आणखी दोन सुचली आहेत: 'मधली' आणि 'उरलेला जिना'.

एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. तिला मी कुठेही पाठवलं तरी प्रकरण संपता संपता ती कुठल्या तरी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन उभी राहते. बदली केली, तर तिथल्या कचेरीच्या चौथ्या मजल्यावर. बाळंतपणाला पाठवली, तर दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर. मी खोडतो. पुढच्या मसुद्यात ती पुन्हा तिथेच असते, पाठमोरी.

पेन्सिल घेऊन वाच, भीड ठेवू नकोस. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा


ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाड पोचलं. वाचनालयातल्या टेबलावर ठेवलं होतं, सवयीने पहिल्या पानावर शिक्का मारणारच होते. मारला असता तर सात दिवसांत परत करायची पाळी आली असती. तसं मी पाच दिवसांत संपवलं, आणि त्यातले तीन दिवस आमच्या ह्यांना बाहेरून डबा आणावा लागला. त्यांनी निरोप दिलाय की मेहुण्यांनी यापुढे लहान गोष्टी लिहाव्यात.

दादा, चपलांच्या दुकानात ती दुकानदाराला झापते ते वाचून मी मोठ्याने हसले. वाचनालयात, मीच! मग आत जाऊन तोंड धुवून आले. ती अगदी तशीच भांडली असती. इतकी वर्षं मला ती फक्त फोटोतली ठाऊक होती, दोन वेण्या आणि अर्धवट मिटलेला डावा डोळा. तू तिला आवाज दिलास.

स्वल्पविराम तू चिमूटभर मीठ टाकावं तसे टाकले आहेस, दोनशे तरी काढले. नावांपैकी 'उरलेला जिना' कळत नाही. 'मधली' बरं आहे, पण घरातल्या घरात राहतं. परक्याला त्यातून काय कळणार?

पाचव्या प्रकरणाबद्दल संपादकबाईंचं म्हणणं मला पटतं. बाकी सगळीकडे तू आहेस, तिथे नाहीस. आणि एक विचारू का? तुझा लिफ्टवाला दारू पितो. त्याच्या तोंडाला वास येतो, डोळे लाल असतात, चौथ्या मजल्याचं जाळीचं दार उघडं टाकून तो खाली निघून जातो. आपला लिफ्टवाला असा नव्हता. मी सहा वर्षांची होते, पण मला त्याचं स्टूल आठवतं. मी वर चढून मजल्याचा आकडा दाबावा म्हणून तो ते माझ्यासाठी पुढे सरकवायचा. त्याला दारू कुठून पाजलीस?

रागावू नकोस. तुझी पत्रं येत राहोत.

तुझी,
बटण


ता. २६ फेब्रुवारी

चि. बटणास,
अ. उ. आ.

कादंबरी आहे ही, पंचनामा नव्हे. वाचकाला कारण लागतं. बाबांनी सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून त्याला काढून टाकल्याचं जे पत्र लिहिलं, त्यात कामात हयगय असा शब्द होता. मी तेवढाच धागा पुढे ओढला. स्टूल तुला आठवतं म्हणून माणूस धुतल्या तांदळासारखा ठरत नाही.

स्वल्पविरामांबद्दल आभारी आहे. नाव मी बघतो.

इथे एक विचित्र चाललं आहे. कानातलं यंत्र काढून ठेवलं की मला दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे. तरी रोज दुपारी तीनच्या सुमारास मी लिहायला बसलो की जाळीचं दार सरकल्याचा आवाज येतो. खर्रर्र, आणि शेवटी तो खटका. आमच्या इमारतीतल्या लिफ्टला जाळी नाहीच, पोलादी दारं आहेत. लिफ्टच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्र तपासून सांगितलं की लिफ्ट त्या वेळी खरोखरच माझ्या मजल्यावर येऊन थांबते, रिकामी. कुठलं तरी बटण अडकत असेल असं म्हणाला. तुझी आठवण झाली.

प्रकृतीला जप, आणि या म्हाताऱ्यावर फार पेन्सिल चालवू नकोस.

दादा


ता. ६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र एका पानाचं. तू चिडलास की आखूड लिहितोस, हे मला शाळेपासून माहीत आहे.

धुतल्या तांदळासारखा असं मी म्हटलं नव्हतं. पण पाचवं प्रकरण मी पुन्हा वाचलं, आता तिसऱ्यांदा. त्यात लिफ्टवाला दार उघडं टाकतो हे तू एका ओळीत उरकलं आहेस. ज्या माणसाने एका चपलेच्या खरेदीला चार पानं दिली, तो या दाराला एक ओळ देतो? ते दार कसं होतं, कसं उघडायचं, कसं लागायचं, काहीच नाही. मला विचारशील तर मी सांगते. तो दार ओढायचा, खटका वाजला की हाताने दोनदा हलवून बघायचा, आणि मगच स्टुलावर बसायचा. प्रत्येक मजल्यावर. आपण मुलं त्याची नक्कल करायचो. तू सगळ्यात चांगली करायचास. असा माणूस नेमका त्याच दिवशी विसरेल का?

विसरला असेलही, माणूस आहे. पण मग तसं लिही. दारू कशाला?

दादा, ती चौथ्या मजल्यावर का जाऊन उभी राहते हे मला विचारू नकोस. तिलाच विचार. पाचवं प्रकरण कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिही, आणि या वेळी त्या दारापाशी तू स्वतः उभा राहा.

पेन्सिलीच्या खुणांसकट बाड पार्सलने परत पाठवलं आहे. मी इथेच आहे. काहीही लिहून आलं तरी इथेच असेन.

तुझी,
बटण


ता. १५ मार्च

चि. बटणास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं कोरा कागद घेतला. सहा दिवस लागले. प्रकरण सोबत पाठवत नाही, आधी हे पत्र वाच.

जाळीचं दार लिफ्ट समोर नसताना उघडायचं नाही, खटका धरून ठेवायचा. पण कंपासपेटीतली स्टीलची पट्टी जाळीतून आत घालून खटका वर उचलता यायचा. हे मी शोधून काढलं होतं. तेरा वर्षांचा होतो, मोठा शोध लावल्यासारखं वाटायचं. चौथ्या मजल्यावर दुपारी सामसूम असायची. मी दार हातभर सरकवायचो आणि पोकळीत वाकून माझं नाव घ्यायचो. खालून ते परत यायचं, जरा उशिरा आणि दुसऱ्याच आवाजात. दहा-बारा वेळा तरी केलं असेल.

त्या दिवशी तेच करत होतो. खालून पोरांनी शिट्टी मारली, खेळायला एक गडी कमी होता. मी दार ओढलं. खटका वाजला का? वाजला नाही. वाजला नाही हे मला तेव्हाही कळलं होतं, बटण. चौपन्न वर्षं मी स्वतःला सांगत आलो की लक्षात आलं नव्हतं. आलं होतं. परत वळून दार लावायला दोन क्षण लागले असते, पण शिट्टी दुसऱ्यांदा वाजली.

जिन्यात मधली भेटली, वर चालली होती, शिवणबाईंकडे भरतकाम शिकायला. मला बघून तिने जीभ काढून वेडावलं. शिवणबाई दार उघडेपर्यंत समोरच्या जाळीला पाठ टेकून उभं राहायची तिची सवय मला माहीत होती. घरात सगळ्यांनाच माहीत होती.

मी खाली मैदानात होतो तेव्हा आवाज आला.

संध्याकाळी लिफ्टवाला आपल्या दारात उभा होता, टोपी हातात. दार मी लावलं होतं, एवढंच तो बाबांना सांगत होता. पोलिसांनाही तेच. एकदा त्याने माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्या नजरेत. मी तरी त्याला दार लावताना पाहिलं असेल अशी आशा होती. मी पायांकडे बघत राहिलो. आठ दिवसांनी तो पत्र्याची ट्रंक घेऊन गेला, बायको मागे आणि खांद्यावर लहान मुलगी. बाबांनी पत्रावर सही केली त्या टेबलावर मी गृहपाठ करत बसलो होतो.

म्हणून मी मधलीला जगवलं. ती जगली तर कुणी काही केलंच नाही. पण दार कुणी तरी उघडं टाकायला हवं होतं, मग त्यालाच दारू पाजली. मी त्याला दुसऱ्यांदा कामावरून काढलं.

आता तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर मी समजू शकतो. आशीर्वाद द्यायचा हक्क उरला असेल तर तो घे.

दादा


ता. २० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी त्या जिन्यात होते.

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर बुटाच्या पट्ट्याशी खेळत बसले होते. तुला वर पट्टी घेऊन जाताना पाहिलं. येताना तू ती मोज्यात खोचलीस, आणि माझ्यासमोर वाकून म्हणालास की आईला सांगू नकोस. कंपासपेटी घराबाहेर न्यायला आपल्याला बंदी होती, म्हणून मला वाटलं पट्टीबद्दलच बोलतोयस. मी मान डोलावली. तुझ्यामागून मधली माझ्या अंगावरून वर गेली. तिच्या परकराचा काठ माझ्या गालाला लागला.

नंतर सगळे दाराबद्दल बोलत होते. मला पट्टीबद्दल कुणी विचारलं नाही. मी वचन पाळलं.

अकराव्या वर्षी मला माझी स्वतःची कंपासपेटी मिळाली. पट्टी बाहेर काढली आणि वर्गात बसल्या बसल्या सगळं एकदम कळलं. ताप आला म्हणून मला घरी पाठवलं होतं, आठवतं? तो ताप नव्हता. तेव्हा सांगितलं असतं तर त्या माणसाला काम परत मिळालं असतं. पण तू तेव्हा अठरा वर्षांचा होतास, जेवताना मान वर करायचा नाहीस, आणि आई तुझ्याकडे बघून जगत होती. मी ठरवलं की सांगायचं नाही. हा निर्णय माझा होता, दादा, सहा वर्षांच्या पोरीचा नव्हे. म्हणजे एका घरात वाढलो, एका भिंतीला टेकून अभ्यास केला, आणि दोघांनी एकच गोष्ट लपवली, तीही एकमेकांपासूनच. तुझं बाड आलं तेव्हा मला वाटलं होतं की आता तू सांगशील. तू दारू पाजलेली बघून राग आला. म्हणून पेन्सिल टोचत राहिले.

तेव्हा पाचव्या प्रकरणात जिन्यावर एक मुलगी बसव. बुटाच्या पट्ट्यासकट. तिला सगळं दिसलं पाहिजे.

आणि आणखी एक. शिवणबाईंची सून आमच्या वाचनालयात येते. तिच्याकडून काढलं: लिफ्टवाला एकोणीस वर्षांपूर्वी वारला. त्याच्या मुलीचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आहे, तुझ्या घरापासून बसने पाऊण तासावर. पत्ता मागे लिहिला आहे. पत्र पाठवू नकोस. जा.

मी तुझं तोंड बघणार आहे, पुष्कळ वर्षं. त्यातून सुटका नाही.

तुझी,
बटण


ता. २९ मार्च

चि. बटणास,
अ. उ. आ. वि. वि.

जाऊन आलो.

दुकान अरुंद आहे. दोन्ही बाजूंना कपड्यांचे गठ्ठे, प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी टाचलेली, आणि सगळीकडे वाफेचा वास. ती पंचावन्न-छप्पन्नची असावी, दंडाला भाजल्याचे जुने डाग. मी गिऱ्हाईक आहे असं समजून तिने हात पुढे केला. माझ्या हातात प्रकरणाचे कागद होते. कोण आहे ते सांगितलं. बाबांचं पद सांगितल्यावर तिने मला ओळखलं. मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती शर्टाची कॉलर पूर्ण होईपर्यंत इस्त्री फिरवत राहिली. मग मला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

तिच्या वडिलांना नंतर कुठल्याच इमारतीत काम मिळालं नाही. शेवटी गोदामावर रखवालदारी. कुलूप लावून घरी आले की जेवणावरून उठून परत बघायला जायचे, कधी दोनदा, कधी तीनदा. घरच्यांना तो एकच विषय. दार मी लावलं होतं, असं समोर येईल त्याला सांगायचे. बायको शेवटी शेवटी पुरे म्हणून ओरडायची. आणि मग शेवटच्या वर्षात त्यांनी सांगणं थांबवलं. एकदा मुलीला जवळ बोलावून विचारलं की तुला काय वाटतं, राहिलं असेल का गं माझ्याकडून? तिने त्यांचं पांघरूण सारखं केलं. तिलाही खात्री नव्हती.

हे सांगून तिने एका गठ्ठ्याची सुटलेली चिठ्ठी पुन्हा टाचली. माफ केलं असं म्हणाली नाही, मीही मागितलं नाही. एकोणीस वर्षं आधी आला असतात तर तुम्हाला त्यांच्या उशाशी बसवलं असतं, आता हे घेऊन मी काय करू, असं तिने विचारलं. मग तिने प्रकरण वाचायला सांगितलं. दुकानात लोक येत-जात होते. कुणी आलं की थांबायचं, गेलं की पुढे. तिने एकच चूक काढली: टोपी खाकी नव्हती, निळी होती. जिन्यावरच्या मुलीपाशी तिने मला थांबवून ती कोण असं विचारलं. माझी बहीण म्हणालो. तिने फक्त मान हलवली.

निघताना पुस्तकाचं नाव विचारलं. ठरलं नाही म्हटल्यावर ती म्हणाली की मग त्यांचं वाक्य घाला. आयुष्यभर एकच वाक्य बोलला माणूस, आम्ही घरच्यांनीसुद्धा ऐकून घेतलं नाही; दुकानाच्या काचेत ठेवलं तर रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापा.

तर नाव ठरलं: 'दार मी लावलं होतं'. संपादकबाईंना कळवलं. त्यांना काही तरी हळुवार हवं होतं, तरी हे ऐकून त्यांनी मुदत महिनाभर वाढवून दिली.

कारण आता सगळी कादंबरी बदलते. खरं लिहायचं तर मधली एकसष्टाव्या पानावर जाते. पुढची अडीचशे पानं त्या माणसाची आहेत आणि मला ती अजून लिहायची आहेत. तिची नोकरी, तिचं लग्न, तिचा हरवलेला चष्मा, सगळं काढावं लागेल. काल ती पानं वेगळी केली. हातात घेऊन खोलीत फिरलो, कुठे ठेवावीत कळेना. रद्दीत माझ्याने टाकवणार नाहीत. लिफ्ट अजून तीनला येते. मी हल्ली दार उघडून बघतो.

काय करू ते सांग. तुझाच आधार.

दादा


ता. ४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाव बरोबर आहे. त्यावर माझी पेन्सिल चालणार नाही.

ती पानं मला पाठव. आपल्याला एक बहीण होती, नऊ वर्षांची. ती तुझ्या पुस्तकात जाऊ दे, तिची जागा तिथे आहे. दुसरी तू स्वतः वाढवलीस. दोघींना एका घरात ठेवता येणार नाही, म्हणून ही माझ्याकडे येऊ दे. खिडकीजवळच्या कपाटातला वरचा खण मोकळा केला आहे, खाली नवा कागद अंथरला आहे. आमच्या ह्यांना सांगितलं, माझी बहीण राहायला येते आहे. त्यांनी खणाची बिजागरी नीट करून दिली.

रोज एकच पान वाचणार आहे. ती कुठे जाऊन उभी राहिली तर राहू दे, मी तिच्याजवळ बसेन. मला जिन्यात बसायची सवय आहे.

कागद ओले होऊ नयेत असे गुंडाळ, दोरी घट्ट बांध, आणि पोस्टातल्या बाईंनी आत काय विचारलं तर या वेळी नीट सांग. ती सुखरूप पोचली की कळवते.

तुझी,
बटण